अष्टग्रही आणि भाईंदरची खाडी

सोसायटीच्या ग्रुपवर ‘ग्रह एका रांगेत, जगबुडी जवळ’ असा मेसेज आला, म्हणून लिहितोय.

असं १९६२ साली होऊन गेलंय! ३ ते ५ फेब्रुवारीला मकर राशीत अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रह एकत्र, होती. लोक धास्तावले, ठिकठिकाणी यज्ञ झाले. या आठांत सूर्य-चंद्रही मोजलेले, आणि आठवा केतू. तो म्हणजे चंद्राच्या मार्गावरचा नुसता छेदनबिंदू. त्याला वजनच नाही, तो ओढणार काय?

खरी ओढ पाहायचीय? अमावास्येच्या भरतीला भाईंदरच्या खाडीवर या. खारफुटीची मुळं पार पाण्याखाली जातात. ही करामत चंद्र-सूर्याची. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची भरतीची ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतकीही नसते.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना विचारलं, “पुढच्या महिन्याचा लोकलचा पास काढलात?” काढला होता!