संगणक खरोखर केव्हां थांबला?

रात्रीं बंद केलेला संगणक सकाळीं नव्यानें सुरू होतो, अशी आपली समजूत असते. परंतु २०१२ सालच्या ‘विंडोज ८’पासून ‘शट डाउन’ केलें तरी प्रणालीचा गाभा बहुधा साठवणींत जपून ठेवला जातो व सकाळीं तोच पुन्हां उचलला जातो. जुना दोषही त्याच्याबरोबर परत येऊं शकतो. म्हणून मंदावलेलें यंत्र आसेगांवाहून दुरुस्तीसाठीं वाशिमला नेण्यापूर्वीं कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्या. ‘टास्क मॅनेजर’च्या ‘परफॉर्मन्स’ विभागांत ‘सीपीयू’ निवडल्यावर ‘अप टाइम’ दिसेल. त्यांतील पहिला आंकडा दिवसांचा. तो मोठा असल्यास ‘रीस्टार्ट’ करावें. मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि पुष्कळदां यंत्राचा शीणही उतरतो.