आयर्लंड : इंग्लंडची वाट कुणाला परवडली?

गर्भपाताविषयीच्या आयरिश धोरणाचा इतिहास डब्लिनच्या संसदेत घडला, तितकाच तो इंग्लंडला जाणाऱ्या बोटींवरही घडला. १९८३ मध्ये सार्वमताने राज्यघटनेत आठवी दुरुस्ती झाली आणि गर्भाच्या जगण्याच्या हक्काला मातेच्या हक्काच्या बरोबरीचे स्थान मिळाले. गर्भपात त्यामुळे थांबले नाहीत. ते समुद्रापलीकडे होऊ लागले. १९८० ते २०१६ या काळात ब्रिटनमधील रुग्णालयांत आयर्लंडचा पत्ता नोंदवून गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रियांची संख्या एक लाख सत्तर हजारांवर गेली.

हा मार्गही एकदा बंद करण्याचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी १९९२ मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला देश सोडण्यास तेथील उच्च न्यायालयाने मनाई केली. जनक्षोभ उसळला, सर्वोच्च न्यायालयाने मनाई उठवली आणि त्याच वर्षीच्या सार्वमताने परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य घटनेतच नोंदवले गेले. राज्यकर्त्यांना ही तडजोड फारच सोयीची होती. घरचा कायदा सोवळ्यात राहिला आणि प्रश्न शेजाऱ्याच्या दारात गेला.

मात्र या स्वातंत्र्याचा खर्च जिचा तिने करायचा होता. रुग्णालयाचे शुल्क, तिकीट, मुक्काम, बुडालेली मजुरी. शिवाय पैसे जमवताना आठवडे उलटले की गर्भाचे वय वाढते आणि शुल्कही वाढते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये निकाली काढलेल्या खटल्यातील पहिली अर्जदार गरीब व बेरोजगार होती. तिची चार मुले सरकारी देखरेखीखाली होती. तिने ६५० युरो सावकाराकडून चढ्या व्याजाने उचलले, त्यात तीन आठवडे गेले. निकाल तिच्या विरोधात गेला. बंदी समर्थनीय ठरवताना न्यायालयाने जी कारणे दिली, त्यांत आयरिश स्त्रीला परदेशी जाता येते हेही एक होते. पळवाट हाच बंदीचा आधार ठरावा, ही या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होय.

ज्यांच्याकडे योग्य पारपत्रच नव्हते, त्यांना तर पळवाटही नव्हती. २०१४ मध्ये आश्रय मागणारी एक बलात्कारपीडित तरुणी कागदपत्रांविना इंग्लंडला पोहोचली. तिला परत पाठवण्यात आले आणि अखेर शस्त्रक्रियेने मूल जन्माला घालावे लागले. त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये मूळच्या बेळगावच्या दंतवैद्यक सविता हलप्पनवार यांचा गॉल्वेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. त्यांचा गर्भ वाचणार नव्हता, तरी हृदयाचे ठोके चालू असल्याने गर्भपात नाकारला गेला. रुग्णशय्येवरील स्त्रीला प्रवासाच्या घटनात्मक हक्काचा उपयोग तो काय? दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाने आयरिश राजदूतांना पाचारण करून चिंता कळवली. १९७१ पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा असलेल्या देशाला तो अधिकार निश्चितच होता.

पारपत्र एकच असले, तरी पैशाचा अडसर उरतोच. उत्तर आयर्लंडमधील स्त्रिया ब्रिटिश नागरिक असूनही इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यांना गर्भपात मोफत मिळत नसे. पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या आईला २०१२ मध्ये सुमारे ९०० पौंड उभे करावे लागले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांचा दावा फेटाळला. पण त्याच महिन्यात थेरेसा मे यांचे सरकार अल्पमतात आले होते. मजूर पक्षाच्या स्टेला क्रीसी यांनी दुरुस्ती मांडली, सत्ताधारी पक्षातही चुळबुळ सुरू झाली आणि सरकारने मतदानापूर्वीच खर्च उचलण्याचे जाहीर केले. न्यायालयात वर्षे घालवून न मिळालेले संसदेतील संख्याबळाने पंधरवड्यात मिळाले.

आयर्लंडने मे २०१८ मध्ये ६६.४ टक्के मतांनी आठवी दुरुस्ती रद्द केली. जानेवारी २०१९ पासून बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात तेथील रहिवाशांना मोफत मिळू लागला. इंग्लंड-वेल्सला जाणाऱ्यांची संख्या २०१८ मधील २,८७९ वरून वर्षभरात ३७५ वर आली. २०२१ मध्येही ती दोनशेच्या आसपास होती. नव्या कायद्याने तीन दिवसांची सक्तीची प्रतीक्षा ठेवली. बारा आठवडे उलटल्यावर मात्र कायद्यातील मोजक्या अपवादांत न बसणाऱ्या स्त्रीसाठी पुन्हा तीच जुनी वाट उरते. आयरिश स्त्री त्या वाटेने दुसऱ्या दिवशी निघू शकते. आयर्लंडच्या रुग्णालयांत मोठ्या संख्येने काम करणाऱ्या भारतीय परिचारिकांपैकी कुणावर ही वेळ आली, तर तिला आधी ब्रिटनच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. त्याचा निर्णय होण्यास साधारणतः तीन आठवडे लागतात.