अंगणातल्या जखमी मांजराचे उपचार

नंदुरबार जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत मांजर एका घराचे नसते. धान्याच्या कोठ्या, मिरचीची गोदामे, कोंबड्यांची खुराडी असतात तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते. कोणी त्याला भाकरीचा तुकडा टाकते, कोणी माशाची डोकी. ते ओसरीवर निवांत झोपते, पण हात पुढे केला की चार पावले मागे सरते. असे अर्धरानटी मांजर जखमी झाले की दोन अडचणी येतात. त्याच्यावर खर्च करायला हक्काचा मालक नसतो, आणि ते हाती लागत नाही. दुसरी अडचण पहिलीपेक्षा मोठी आहे. असे मांजर बहुधा एकदाच पकडता येते. नंतर ते पिंजऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही. म्हणून कमी खर्चातल्या उपचाराचा सगळा आराखडा त्या एका पकडीभोवती आखावा लागतो. जखम तपासणे, धुणे, वजन करणे, लागल्यास डॉक्टरांकडे नेणे, हे सारे त्याच खेपेत उरकायचे असते.

पकडण्याआधी ते गावातलेच मांजर आहे याची खात्री करावी. सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा-तळोदा पट्ट्यातल्या उसात रानमांजर राहते. त्याचे पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळी वलये असलेली, अंगाचा रंग एकसारखा मातकट. वाघाटी तर घरच्या मांजराहूनही लहान असते; पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर पट्टे असतात. ही दोन्ही मांजरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ती जखमी आढळली तर घरी न आणता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

गावातल्या मांजराच्या बहुतेक जखमा भांडणातून येतात, आणि भांडणारा बहुतेक वेळा बोका असतो. मांजराचा सुळा बारीक आणि लांब. तो कातडीला सुईसारखे छिद्र पाडतो आणि तोंडातले जंतू, विशेषतः पाश्चुरेला, खोलवर सोडून बाहेर येतो. मांजराची कातडी फार लवकर मिटते. वरचे छिद्र एका दिवसात बंद होते आणि जंतू आत कोंडले जातात. दोन ते चार दिवसांनी तिथे गरम, दुखरा फुगवटा येतो, मांजर सुस्तावते, खाणे टाकते. हाच गळू. तो चेहऱ्यावर, मानेवर किंवा पुढच्या पायावर असेल तर मांजर समोरासमोर लढले होते. शेपटीच्या मुळाशी असेल तर पळताना चावा बसला. भांडण कोणी पाहिलेले नसते, त्यामुळे गाठ बघून हाड मोडले किंवा विंचू चावला असे समजले जाते आणि दिवस वाया जातात.

कुत्र्याने धरलेल्या मांजराची गोष्ट वेगळी. वरून दाताची दोन-तीन छिद्रे दिसतात, पण कुत्रा धरून झटकतो, त्यामुळे आतले स्नायू चिरडलेले, कातडी मांसापासून सुटलेली असते. छातीवर किंवा पोटावर अशी छिद्रे असतील तर घरचा उपचार करत बसू नये. तोंड उघडून श्वास घेणे, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, उघडे हाड, लोंबता पाय, फुटलेला डोळा, लघवी न होणे, यांतले काहीही दिसले तर जे काही पैसे खर्चायचे ते दवाखान्यातच खर्चावेत. साध्या फुटलेल्या गळूवर महागडी मलमे आणण्यापेक्षा तेच पैसे अशा वेळेसाठी राखलेले बरे.

पकडण्याची घाई करू नये. उंदराचा मोठा पिंजरा, किंवा भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर उलटे ठेवून एका बाजूने दोरीने बांधलेले, एवढ्यावर काम भागते. पिंजऱ्याचे दार उघडे बांधून ठेवावे आणि रोजचे खाणे आधी त्याच्याजवळ, मग आत द्यावे. सुकटीचा वास मांजराला लांबून ओढतो. ते बिनधास्त आत शिरू लागले की दार सोडावे आणि लगेच पिंजऱ्यावर गोधडी टाकावी. अंधारात मांजर शांत होते. मोठ्या मांजराला मानगुटीला धरून उचलण्याची रीत चुकीची आहे. त्याला जाड टॉवेलात घट्ट गुंडाळून फक्त जखमेचा भाग उघडा ठेवावा. दुसरे माणूस हवेच. पिंजऱ्यासकट किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून नंतर रिकाम्या पिंजऱ्याचे वजन वजा करावे. हा आकडा पुढे औषधाच्या मात्रेसाठी लागतो.

मांजर अंगावर येण्याची शक्यता धरूनच बसावे. रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो, पण मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसालाही. चावा बसला किंवा ओरखड्यातून रक्त आले तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे लस मोफत मिळते; कातडीत द्यायच्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात, आणि खोल चाव्यासाठी जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. मांजर बरे दिसते म्हणून थांबू नये. जे मांजर अकारण हल्ला करते, लाळ गाळते, अडखळत चालते किंवा एकदम अनोळखी वागू लागते, त्याला पकडण्याचा प्रयत्नच करू नये.

धुण्यासाठी लागणारे द्रावण जवळजवळ फुकट आहे. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट एक चहाचा चमचा मीठ विरघळवावे आणि कोमट होऊ द्यावे. मेडिकलमधली नॉर्मल सलाईनची बाटली मिळाली तर तीही स्वस्तच असते. बिनसुईची २० मिलीची सिरिंज वापरून ही धार जखमेत सोडावी. सिरिंज नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडूनही धार काढता येते. कापसाने पुसण्यापेक्षा धार उपयोगी, कारण ती घाण बाहेर ढकलते आणि कापसाचे तंतू मागे राहत नाहीत. आधी जखमेभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कापावेत. कातडी चिमटीत येऊन कापली जाणे फार सोपे असते, म्हणून कात्री आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा धरावा.

गळू फुटलेला नसेल तर कोमट मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके पाच-दहा मिनिटे धरावे. त्याने गळू पिकायला आणि आपोआप फुटायला मदत होते. घरी ब्लेडने चिरू नये. मानेत आणि पायात रक्तवाहिन्या अगदी वरवर असतात. गळू फुटल्यावर दुर्गंधीचा पू निघतो. तो पिळून न काढता, बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धार मारत राहावे. तोंड लगेच मिटू नये हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. खपली लवकर धरली तर गळू पुन्हा भरतो. म्हणून मांजर ताब्यात असेल तितके दिवस, दिवसातून दोनदा कोमट शेक देऊन खपली मऊ करावी. पट्टी बांधण्याची सहसा गरज नसते. अर्धरानटी मांजर ती तासाभरात काढते, आणि घट्ट राहिलेली ओली पट्टी जखम सडवते.

जंतुनाशक हवेच असेल तर पोव्हिडोन आयोडीन पातळ करून वापरावे. बाटलीतले गडद द्रावण फिक्या, बिनदुधाच्या चहाच्या रंगाचे होईपर्यंत पाण्यात मिसळावे. याहून दाट द्रावण नव्या वाढणाऱ्या पेशींनाच मारते.

आता काय लावू नये ते. याला जरा जास्त जागा द्यायला हवी, कारण अर्धरानटी मांजरे चुकीच्या उपचारानेही दगावतात. मांजर अंगावरचे सगळे चाटते, आणि त्याचे यकृत अनेक रसायने मोडू शकत नाही. डेटॉल, फिनाईल आणि त्या जातीची द्रव्ये मांजराला विषारी आहेत. गुरांच्या किडे पडलेल्या जखमेत घालायचे रॉकेल, टर्पेंटाईन, कापूर, डांबरगोळीची पूड मांजराला कधीही वापरू नये. गुरांसाठीच्या किडेनाशक पावडरींत कुमाफॉस, प्रोपॉक्सर यांसारखी कीटकनाशके असतात. बैलाला चालणारी चिमूट तीन किलोच्या मांजराच्या पोटात गेली तर झटके येतात. पिसवा-गोचिडांसाठीचे पर्मेथ्रिनही तसेच. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दारू, मग ती मोहाची का असेना, जखमेतल्या जिवंत पेशी जाळतात. हळद-तेलाचा लेप विषारी नसला तरी छिद्राचे तोंड बंद करतो आणि तेच नको असते. सातपुड्यात चांगला मध मिळतो आणि मधाने जखम भरते हे खरे आहे, पण तो झाकून ठेवावा लागतो. उघड्या जखमेवर तो मुंग्या बोलावतो.

तोंडाने द्यायच्या गोळ्यांत सर्वांत घातक पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहू शकत नाहीत, हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनही घरच्या डब्यातून देऊ नये.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. माशीने अंडी घातल्यावर साधारण दिवसाभरात अळ्या बाहेर येतात, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात उघडी जखम दिवसाआड नव्हे, रोज पाहावी. केसांवर तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी दिसली तर केस कापून ती काढता येतात. वरवरच्या थोड्या अळ्या चिमट्याने उचलून, मिठाच्या पाण्याची धार मारून निघतात. अळ्या खोल असतील तर त्या मेल्या-तुटल्या आत राहणे धोक्याचे. तिथे भूल देऊन साफ करणाराच हात हवा.

मांजराच्या अंगाचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०३ च्या वर ताप, किंवा दोन दिवस काहीच न खाणे, ही प्रतिजैविकाची आणि डॉक्टरांची वेळ. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मग जखम बरी होऊनही मांजर जाते. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत रोजची गर्दी गाई-बैल-शेळ्यांची असते, म्हणून मांजराचे वजन, जखम किती दिवसांची आणि ते खाते की नाही, एवढे नीट सांगावे. चाव्याच्या जखमेला बहुधा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांचे मिश्रण दिले जाते. माणसाच्या गोळीचे अंदाजाने तुकडे करू नयेत. वासरा-कोंबड्यांना सर्रास मिळणारे एन्रोफ्लॉक्सॅसिन मात्रेहून जास्त झाले तर मांजर कायमचे आंधळे होऊ शकते. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, म्हणून पाठोपाठ पाणी किंवा ओले खाणे जायला हवे. रोज गोळी देणे जमणार नसेल तर ते आधीच सांगावे. पकड चालू असतानाच इंजेक्शन देता येते का, हे डॉक्टर ठरवू शकतात.

बरे होईपर्यंत मांजर न्हाणीघरात किंवा सावलीच्या बंद खोलीत ठेवावे. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवणे म्हणजे मारणेच. मिरचीच्या पथारीपासूनही लांब ठेवावे. तिखट उडाले की डोळे आणि जखम दोन्ही होरपळतात. मातीऐवजी फाडलेली वर्तमानपत्रे अंथरावीत. लपायला एक खोके द्यावे, नाहीतर ते खिडकीच्या जाळीवर झेपा घेऊन जखम फाडते. खाण्यात प्रथिने हवीत. दूध-भाकरीने पोट भरते, जखम भरत नाही. उकडलेले अंडे, शिजवलेला मासा, कोंबडीच्या दुकानातले शिजवलेले तुकडे पुरतात. शिजवणे टाळू नये: देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये याच जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीत आढळला, २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला, आणि हा विषाणू कच्च्या मांसातून मांजरालाही होतो.

निचरा झालेल्या गळूची जखम साधारण दोन आठवड्यांत भरत येते. आतून ओलसर गुलाबी मांस दिसणे चांगले. काळे, राखाडी किंवा पुन्हा वास येणारे वाईट. अनेक आठवडे न भरणारी, फोडांची रांग पसरवणारी जखम बुरशीची असू शकते आणि ती माणसाला लागते, म्हणून अशा जखमेला हातमोज्याशिवाय हात लावू नये.

सोडायचे ते पकडले त्याच जागी, संध्याकाळी, खाणे घालून. मांजर ताब्यात असतानाच रेबीजची लस टोचून घ्यावी. कुत्रा, कोल्हा किंवा मुंगूस चावल्याची शंका असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांचे मत घ्यावे. बोक्याचे खच्चीकरण जवळ कुठे होत असेल तर जखम भरल्यावर, सोडण्याआधी ते करून घ्यावे. खच्ची बोका कमी भटकतो आणि हद्दीसाठी कमी भांडतो, त्यामुळे असे गळू पुन्हा होण्याचे प्रमाण घटते.