रजेचं गणित आणि पाळणा

दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की सासूबाई वयाचं बोलतात. नोकरदार सून मात्र मनात आठवडे मोजत असते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. पण दोन मुलं हयात असतील, तर तिसऱ्या वेळी पुन्हा १२ च.

२६ पैकी प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. आधी घेतलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या वाट्यातून जातो. डॉक्टर तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध सांगतात. म्हणून मुंबईत नवव्या महिन्यातही लोकलचा दांडा धरून उभ्या असलेल्या बायका दिसतात.

शिवाय प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत रजा देणाऱ्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. आधी नोकरी बदलायची की आधी दिवस राहू द्यायचे, हे बऱ्याचदा या अटीवर ठरतं. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नसेल तर रजेचा पगार पूर्णपणे मालकाच्या खिशातून जातो. मग मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा आगाऊ प्रश्न येतो आणि कंत्राटावरची मुलगी कायम होईपर्यंत पाळणा लांबवते.

अर्थात हे गणित हजेरीपटावर नाव असलेल्यांचं. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बाईला रजाच नाही. दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. मुलं लवकर उरकून, पाळीपायी खाडे पडू नयेत म्हणून कित्येकींनी गर्भाशयच काढून टाकलं. २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यावर चौकशी समिती नेमावी लागली.