कमरेचा पट्टा नव्हे, ब्रेस

हाडं ठिसूळ झालेली असली की मणका मोडायला पडावंच लागतं असं नाही. भरलेली बादली उचलताना, कधी नुसत्या जोराच्या खोकल्यानेही तो पुढच्या बाजूने दबतो. बहुतेकदा छाती आणि कंबर जुळते तिथलाच, म्हणजे पाठीचा बारावा किंवा कमरेचा पहिला मणका. दुकानातून परस्पर आणलेला कमरेचा पट्टा तिथवर नीट पोचतच नाही.

आपल्याकडे अशा वेळी टेलर ब्रेस बराच वापरला जातो : पाठीशी दोन उभ्या पट्ट्या, खांद्यांवरून बंद, पोटावर रुंद पट्टा. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स टेलर यांनी तो एकोणिसाव्या शतकात मणक्याच्या क्षयासाठी घडवला होता.

ब्रेस हाड जोडत नाही. पुढे वाकणं रोखतो, दुखणं हलकं करतो. साधारण ६ ते १२ आठवडे, उठता-बसताना, सुती बनियनवर. पोट आवळतं म्हणून घरातल्या आजी तो सैल सोडतात, मग त्याचा उपयोगच उरत नाही. रागावू नका, माप बदलून आणा. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस बांधला तर पाठीचे स्नायू दुबळे होतात. ठिसूळपणावरचं औषध मात्र ब्रेस सुटल्यावरही चालूच ठेवायचं.

पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.