"ओटीपी तर मी कोणालेच नाही सांगतला!" – मग 'हो' कोण म्हणालं?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे अडखळणे काढले आहे, भाषा तशीच ठेवली आहे.)

हुडकेश्वरहून बोलतोय. रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद केलाय, त्यामुळे आजचा भाग मी घाम पुसत पुसत बोलणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. निवृत्त, हिशेबाला पक्के, भाजीवाल्याकडूनही सुट्टे मोजून घेणारे. मागे एका सोमवारी सकाळी ते आमच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात. मग हळू आवाजात म्हणाले, "बाबू, खात्यातून पैसे गेले. पण देवाशपथ सांगतो, ओटीपी तर मी कोणालेच नाही सांगतला!"

आता खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं काय आलं? 'सांगितलाच असेल, आता लाज वाटते म्हणून लपवताहेत.' सगळ्यांच्या मनात हेच येतं. पण फोन हातात घेऊन पाहिला तेव्हा कळलं, काका शंभर टक्के खरं बोलत होते. ओटीपी त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. फोननं सांगितला होता.

आजचा भाग याच्यावरच आहे. गेली कित्येक वर्षं आपण घरच्यांना एकच मंत्र देतोय, 'ओटीपी कोणाला सांगू नका.' मंत्र चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आणि तो अपुरा का आहे, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका मोठ्या बँकेच्या बाबतीत २०१८ मध्ये फार महागात पडून कळलेलं आहे.

काकांच्या फोनमध्ये काय झालं

शनिवारी संध्याकाळी काकांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तुमच्या गाडीवर चलान आहे, पाचशे रुपये, खालच्या फाइलमध्ये तपशील पाहा. खाली गाडीचा नंबर, आणि तो बरोबर. शिवाय काका दोनच दिवसांपूर्वी म्हाळगीनगर चौकातून हेल्मेटशिवाय गेले होते. म्हणजे मनात चोर होताच.

ती फाइल एपीके होती. एपीके म्हणजे फोटो किंवा कागद नव्हे, ते अँड्रॉइडवर चढणारं अख्खं ॲप असतं. फोननं विचारलं, 'अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप आहे, चढवायचं का?' काका म्हणाले, हो. ॲपनं विचारलं, 'मेसेज वाचायची परवानगी द्या.' काका म्हणाले, हो. मग चलान भरायचं पान उघडलं, त्यात डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. काकांनी भरले. पान गोल गोल फिरत राहिलं, मग 'सर्व्हर बिझी'. काकांना वाटलं, सरकारी साइट आहे, चालायचंच.

तिकडे कोणीतरी ते कार्ड वापरून खरेदी केली. बँकेनं काकांच्या नंबरवर ओटीपी पाठवला. तो मेसेज काकांच्या आधी ॲपनं वाचला आणि पुढे पाठवून दिला. बँकेच्या लेखी सगळं बरोबर होतं. कार्ड बरोबर, ओटीपी बरोबर, म्हणजे काकाच असणार. ४९ हजार गेले.

बँकेला 'हो' ऐकू आलं. ते 'हो' काकांचं नव्हतं, एवढंच.

हीच गोष्ट, ९४ कोटींची

आता पुण्याला जाऊ. कॉसमॉस सहकारी बँक, १९०६ साली स्थापन झालेली, सहकारी क्षेत्रातली मोठी आणि जुनी बँक. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. त्या दिवशी काही तासांत जगातल्या २८ देशांतल्या एटीएममधून या बँकेची नकली कार्डं वापरून पैसे निघाले. व्हिसाचे सुमारे १२ हजार व्यवहार, ७८ कोटी रुपये. भारतात रुपे कार्डाचे २,८४९ व्यवहार, अडीच कोटी रुपये. भारतातल्या या पैशांपैकी काही आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले. मग सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

आणि यात किती ग्राहकांनी आपला पिन सांगितला होता? प्रश्नच नाही. पिन सांगायची गरजच पडली नाही.

हे कसं झालं ते समजायला किराण्याचं दुकान डोळ्यासमोर आणा. काउंटरवर पोऱ्या बसलाय. आत पडद्यामागे शेठ उधारीची वही घेऊन बसलेत. गिऱ्हाईक आलं की पोऱ्या ओरडतो, "अमुक भाऊ आले, हजाराचं सामान देऊ का?" शेठ वही पाहतात आणि आतून म्हणतात, "दे." पोऱ्या देतो.

एटीएमचंही तसंच आहे. तुम्ही कार्ड घातलं की एटीएम स्वतः काही ठरवत नाही. ते विचारणा पाठवतं, ती व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या 'स्विच'पर्यंत जाते. स्विच ती बँकेच्या मूळ प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला विचारतो. तिथे वही आहे. शिल्लक पाहिली जाते, पिन तपासला जातो, आणि उत्तर त्याच वाटेनं उलटं येतं. आयएसओ ८५८३ नावाच्या जुन्या ठरलेल्या नमुन्यात हा निरोप असतो, आणि त्यातल्या एका रकान्यात '००' असं आलं की त्याचा अर्थ, दे.

चोरांनी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून त्या वाटेवर आपला एक नकली स्विच बसवला. म्हणजे पडद्यामागे, शेठच्या अलीकडे, दुसराच माणूस येऊन बसला. पोऱ्यानं विचारलं की हा म्हणायचा, "दे." विचारणा शेठपर्यंत पोचतच नव्हती. म्हणूनच ग्राहकांच्या खात्यातून पैसे वजा झाले नाहीत, वहीत नोंदच नाही! गल्ला मात्र रिकामा. नुकसान बँकेचं झालं.

मागे कोण होतं? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं मार्च २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. इकडे एटीएमवर प्रत्यक्ष उभं राहून नोटा काढणारे मात्र आपल्यातलेच होते. त्यातल्या अकरा जणांना एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं दोषी ठरवलं.

आता काकांकडे परत या. त्यांचा फोन म्हणजे पडदा, आणि ते चलानचं ॲप म्हणजे पडद्यामागे येऊन बसलेला माणूस. ४९ हजार असोत की ९४ कोटी, डाव एकच आहे. कुलूप फोडायचं नाही, 'हो' म्हणणाऱ्याच्या जागी जाऊन बसायचं.

ओटीपीची खरी किंमत

माझं स्पष्ट मत सांगतो, पटलं नाही तर वाद घाला. एसएमएसनं येणारा ओटीपी 'तुम्ही तुम्हीच आहात' हे सिद्ध करत नाही. तो एवढंच सिद्ध करतो की तुमच्या नंबरवर आलेला मेसेज कोणीतरी वाचला.

जेव्हा आपण नेट बँकिंग कॉम्प्युटरवर करायचो आणि ओटीपी साध्या फोनवर यायचा, तेव्हा 'दोन वेगळ्या गोष्टी' हे म्हणणं खरं होतं. दोन वाटा होत्या. आज बँकेचं ॲप, कार्डाचा नंबर, मेसेज, ईमेल, सगळं एकाच फोनमध्ये. दोन कुलपं आहेत, पण दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगलेल्या.

ऑफिसातला मीच

हे सगळं काकांना शहाणपण शिकवायला सांगत नाहीये. मी स्वतः काय केलं ते ऐका.

बँकांमध्ये मेकर-चेकर अशी पद्धत असते. एकानं व्यवहार तयार करायचा, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचा. सॉफ्टवेअरमध्येही तेच, एकानं कोड लिहायचा, दुसऱ्यानं पाहून अप्रूव्ह करायचा. मी मिहानमध्ये एका कंपनीत होतो. शुक्रवारची संध्याकाळ, साडेसहा. टीममधल्या मित्राचा मेसेज, "भाऊ, अप्रूव्ह मारून दे ना, कॅब सुटते." मी फाइल उघडलीसुद्धा नाही. अप्रूव्ह मारलं. सोमवारी कळलं, काही ग्राहकांना एकाच बिलाची मागणी दोनदा गेली होती.

म्हणजे तिथं नकली स्विच कोण होता? मी. विचारणा आली, वही न पाहता मी म्हणालो, "दे."

पण मला जास्त लागलं ते पुढचं. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न 'हे कसं झालं' असा नव्हता, 'कोणी केलं' असा होता. सगळ्यांसमोर आमची दोघांची नावं घेतली गेली. त्यातून टीम काय शिकली? नीट तपासायला नाही. चूक झाली तर आधी गुपचूप निस्तरायला, आणि जमलंच नाही तर मग सांगायला. पुढच्या वेळी अशीच एक चूक दोन दिवस कोणी बोललंच नाही.

आणि इथंच काकांची गोष्ट अर्धी राहिली आहे, ती पूर्ण करतो.

शनिवार ते सोमवार

काकांचे पैसे शनिवारी रात्री गेले. रात्रीच मेसेज दिसला. मग ते सोमवारपर्यंत गप्प का बसले? मी विचारलं. म्हणाले, "पोरगा पुण्याला असतो. त्याले सांगतलं तर म्हणन, इतक्या वेळा सांगूनही तुम्हाले समजत नाही. काकूलेही नाही सांगतलं. म्हटलं सोमवारी बँक उघडली का पाहू."

रविवारी संध्याकाळी आणखी ३८ हजार गेले. ॲप फोनमध्येच होतं ना. पडद्यामागचा माणूस उठून गेलाच नव्हता.

आता हे नीट ऐका, कारण इथे पैशाचा हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या हलगर्जीपणानं पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि तक्रार घ्यायची सोय बँकेनं चोवीस तास ठेवली पाहिजे, असंही त्यातच आहे. म्हणजे काकांनी शनिवारी रात्री एक फोन केला असता, तर रविवारचे ३८ हजार त्यांच्या खिशातून जायचं कारण नव्हतं. ते ३८ हजार चोरानं नेले, पण वाट मोकळी करून दिली ती आपल्या टोमण्यांच्या भीतीनं. पोरगा वाईट नाही. माझ्या बाबांशी मीही तसाच बोलतो.

आज रात्री करायची कामं

एक. घरच्या मोठ्यांचा फोन घ्या. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' ही परवानगी व्हॉट्सॲपला आणि क्रोमला दिलेली असेल तर बंद करा. मग कोणकोणत्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी आहे ते पाहा. टॉर्च, वॉलपेपर, चलान असलं काही दिसलं तर काढा. चलान असो, लग्नाची पत्रिका असो की केवायसी, व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाइल चढवायची नाही, एवढा नियम पुरे.

दोन. कार्ड बंद ठेवा. १ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डाला ऑनलाइन आणि परदेशी वापर चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकांनी द्यायची आहे. बाबा वर्षातून दोनदा ऑनलाइन खरेदी करत असतील, तर ते बटण वर्षभर चालू कशाला?

तीन. पैसे गेलेच, तर क्रम लक्षात ठेवा. त्या फोनचं इंटरनेट बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि खातं गोठवायचं, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. लगेच १९३० ला फोन, नाहीतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. रविवार असो की दिवाळी, थांबायचं नाही. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. बाधित फोन फॅक्टरी रीसेट करायचा, नुसतं आयकॉन पुसून भागत नाही.

चार. हे सेटिंगमध्ये सापडणार नाही. घरी आजच सांगून ठेवा, "काही झालं तर रात्री दोन वाजता फोन करा, मी रागावणार नाही." आणि खरोखर फोन आला तर खरोखर रागावू नका. टीम लीड असाल तर टीमलाही हेच सांगा.

काकांची तक्रार झाली. पहिल्या रकमेतला काही भाग पुढच्या खात्यात अडकलेला सापडला, त्याचं काम चालू आहे. बाकीच्याची आशा त्यांनी सोडली आहे. मुलाला शेवटी मीच फोन लावून दिला. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, जेवले का तुम्ही?"

चला, कूलर सुरू करतो. पुढच्या भागात घरच्या वायफायबद्दल बोलू. तोवर हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. लिंकच आहे, एपीके नाही.