कॉफीच्या मळ्यातील घर

केरळमधील वायनाडशी जैन समाजाचा संबंध शतकानुशतकांचा आहे. सुलतान बत्तेरी येथील पाषाणी जिनालय आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. टिपूच्या काळात तेथे दारूगोळा ठेवला गेला आणि त्यावरूनच गावाचे नाव पडले, असे सांगतात. कर्नाटकातून आलेली दिगंबर कुटुंबे या डोंगरांत कॉफी-मिरीचे मळेवाले म्हणून स्थिरावली. ‘मातृभूमी’ दैनिकाचे व्यवस्थापकीय संचालक राहिलेले एम. पी. वीरेंद्रकुमार हे त्यांच्यापैकीच. अशा मळ्यात तीन पिढ्यांना पुरेल असे प्रशस्त घर बांधावे, ही इच्छा आता आपल्याकडील व्यापारी घराण्यांतही दिसते. इच्छा चांगली आहे. परंतु खर्चाचा पहिला रुपया संगमरवरावर नव्हे, जागेच्या परीक्षेवर पडावा.

३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला येथे जे घडले, ते याचे कारण. दरड सुटली डोंगराच्या वरच्या अंगाला. घरे गेली ती कित्येक किलोमीटर खाली, ओढ्याच्या काठी. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. दलाल दाखवतो ती जागा बहुधा नेमकी ओढ्यालगतची किंवा उताराच्या कडेची असते, कारण तेथूनच दृश्य सुंदर दिसते. घर मात्र ओढ्यापासून दूर, रुंद आणि स्थिर सोंडेवर, मूळ उतार शक्य तितका कमी कापून बसवावे. भूतज्ज्ञाचा अहवाल हवाच. धारक भिंत बांधावी लागली तर तिच्यामागचे पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवावीत. पाणी कोंडले की सर्वांत जाड भिंतही ढकलली जाते.

छपराच्या बाबतीत जुने लोक शहाणे होते. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. तीव्र उतार आणि भिंतीपासून तीन-चार फूट पुढे आलेली पागोळी असली की भिंत भिजत नाही. सपाट गच्ची मुंबईत शोभते. येथे ती गळते. केरळी घरातील मधला चौक, नडुमुट्टम, उजेड व वारा आत आणतो आणि पावसाचे पाणी टाक्यात नेतो. ते गाळूनच वापरायचे, हे श्रावकाला सांगावे लागत नाही.

ओल हा येथे केवळ डागांचा प्रश्न नाही. शेवाळ व बुरशी आपल्या शास्त्रात अनंतकाय मानली आहे. ती वाढल्यावर खरवडण्यापेक्षा वाढूच न देणे, हीच जीवदया. म्हणून उंच जोते, पायात ओल-रोधक थर, कपाटांमागे हवेची फट आणि चैत्यालयासाठी घरातील सर्वांत कोरडा कोपरा. स्वयंपाकघर पश्चिमेकडे मोकळे ठेवले तर ढगाळ दिवसांतही सूर्यास्तापूर्वीचे भोजन दिव्याविना होते, आणि दिव्यावर येणारे कीटकही वाचतात.

आता व्यवहार. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यात मळ्यांना कमाल धारणेतून सूट आहे, पण ती मळा म्हणून वापरासाठी. मोठ्या मळ्यातून तोडलेला तुकडा घेताना ही सूट व परवानग्या स्थानिक वकिलाकडून तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. विम्याचे म्हणाल, तर २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पुराबरोबर दरड कोसळणे आणि जमीन खचणे यांचाही समावेश आहे. भरपाई मात्र बांधकामाची मिळते, वाहून गेलेल्या जमिनीची नाही.

बांधकामास डिसेंबर ते मे हाच काळ. त्यात कॉफीची तोडणी संपेपर्यंत मजूर सहज मिळत नाहीत, हेही वेळापत्रकात धरावे. जागा घेतल्यावर एक संपूर्ण पावसाळा ती नुसती पाहावी: पाणी कोठून येते, कोठे साचते, कोणते झाड झुकते. वास्तुरचनाकाराने नकाशा त्यानंतर काढावा.